रँडम म्हणजे रँडम: अमेरिकेतल्या ट्रक ड्रायव्हरची नशेची टेस्ट

(ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी एपिसोडचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवलीय.)

हेडफोन लावलाय ना? बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर ऑफिसात बिल्ड होतोय तोवर ऐकत असाल. आजचा विषय आहे अमेरिकेतल्या ट्रक आणि बस ड्रायव्हरांच्या दारू-ड्रग्स टेस्ट. आणि त्यातही, या टेस्ट करवून घ्यायची जी सक्ती मालकावर आहे, ती.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला काय करायचंय? तर मी पुण्यात बसून ज्या प्रॉडक्टवर काम करतो ते अमेरिकेतल्या छोट्या ट्रक कंपन्या वापरतात. पाच ट्रकवाले, बारा ट्रकवाले. कुणाची टेस्ट कधी झाली, कागद कुठे आहे, पुढची निवड कधी, हे सांभाळणारं सॉफ्टवेअर. हिंजवडीत, बाणेरला असल्या कामावर बरीच पोरं आहेत, आणि त्यातल्या कित्येकांना आपण डेटाबेसच्या कॉलमला जे नाव देतो त्याच्या पलीकडे कुणाचा तरी पगार आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. तिकिटात लिहिलेलं असतं, ‘सॅपची तारीख घाला’. नवीन आलेला पोरगा बिचारा विचारतो, आपण सॅपशी इंटिग्रेशन करतोय का? तो सॅप नाही रे बाबा. तिथल्या कायद्यातला सॅप वेगळा. त्याच्याकडे नंतर येतो.

आधी आपल्याकडचं चित्र डोळ्यासमोर आणा. एकतीस डिसेंबरची रात्र, चौकात नाकाबंदी, पोलीस, फुंकायचं मशीन. आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम 185 सांगतं की 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आकडा म्हणून बघितला तर हा नियम कडक आहे. अमेरिकेत साध्या कारवाल्याला बहुतेक राज्यांत 0.08 टक्क्यांपर्यंत सूट, आपल्याकडे 0.03. पण गंमत बघा, आपल्याकडे हा सगळा खेळ ड्रायव्हर आणि पोलीस यांच्यातला आहे. ट्रकचा मालक त्यात कुठे येतो? कलम 188 मध्ये, तेही त्याने गुन्ह्याला चिथावणी दिली, मदत केली असं सिद्ध झालं तर. गाडी सोडण्याआधी, वर्षभर, ठरलेल्या पद्धतीने ड्रायव्हर तपासत राहा, असं हे कलम त्याला सांगत नाही.

अमेरिकेत नेमकं उलटं आहे. तिथे पोलीस आहेतच, पण त्याशिवाय केंद्र सरकारने मालकाला कामाला लावलंय. टेस्ट कर, नोंद ठेव, नापास झाला तर त्याच क्षणी गाडीवरून उतरव. नाही केलंस तर दंड तुला.

हे आलं कुठून? 4 जानेवारी 1987, मेरिलँडमध्ये बाल्टिमोरजवळ चेस नावाचं ठिकाण. मालगाडी कंपनीची इंजिनं सिग्नल ओलांडून मेन लाइनवर आली आणि मागून भरधाव येणारी अ‍ॅमट्रॅकची प्रवासी गाडी त्यांच्यावर आदळली. 16 जण गेले. इंजिनाच्या ड्रायव्हरच्या आणि त्याच्या साथीदाराच्या तपासणीत गांजा सापडला. त्यावर अनेक वर्षं वाद चालला. मग ऑगस्ट 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरला सबवेची गाडी रुळावरून घसरली, 5 मृत्यू, मोटरमन दारू प्यायलेला. दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर 1991 मध्ये, कायदा झाला. रेल्वे, विमान, ट्रक, बस, सगळ्यांना लागू. म्हणजे अपघात झाले रुळावर आणि टेस्ट आली ट्रकवाल्याच्याही नशिबी. ट्रकवाल्यांच्या संघटनांना ते आवडलं असेल असं समजू नका.

कुणाला लागू? ज्याच्याकडे कमर्शियल लायसन्स आहे, म्हणजे सीडीएल, आणि जो ते लागणारी गाडी चालवतो. 26,001 पौंड किंवा जास्त वजनाची गाडी, म्हणजे साधारण पावणेबारा टन, किंवा ड्रायव्हर धरून 16 किंवा जास्त माणसांची बस, किंवा घातक माल. मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्यालाही.

टेस्ट कधी कधी होते ते भरभर सांगतो. नोकरीला घेताना ड्रग्सची. मोठ्या अपघातानंतर दोन्ही: कुणी दगावलं तर चूक कुणाचीही असो टेस्ट होणारच, कुणी जखमी होऊन दवाखान्यात न्यावं लागलं किंवा गाडी टो करावी लागली, तर ड्रायव्हरला चलन मिळालं असेल तरच. दारूची टेस्ट दोन तासांत करायची, नाही जमली तर का नाही ते लिहून ठेवायचं, आठ तासांनंतर प्रयत्न सोडून द्यायचा. ड्रग्ससाठी 32 तास. मग संशयावरून, पण तो संशय ज्याने घ्यायचा त्या सुपरवायझरने आधी दोन तासांचं प्रशिक्षण घेतलेलं हवं, एक तास दारूचा, एक तास ड्रग्सचा. ‘मला हा माणूस आवडत नाही’ हा संशय नव्हे. आणि शेवटची, रँडम. आज मला खरं बोलायचंय ते हिच्यावर.

नियम असा आहे की वर्षभरात कंपनीतल्या ड्रायव्हरांच्या सरासरी संख्येच्या 50 टक्के ड्रग्सच्या आणि 10 टक्के दारूच्या रँडम टेस्ट झाल्या पाहिजेत. ड्रग्सचा आकडा 2019 पर्यंत 25 होता, 2020 पासून दुप्पट केला. निवड शास्त्रीय पद्धतीने, प्रत्येकाला प्रत्येक वेळी सारखीच संधी. एकदा नाव निघालं म्हणून चिठ्ठी बाजूला ठेवायची नाही, पुन्हा डब्यात टाकायची. टेस्ट वर्षभर विखुरलेल्या हव्यात, आधी सांगायचं नाही, आणि सांगितलं की ड्रायव्हरने तडक निघायचं.

ऐकायला सोपं आहे. आता आपला बंड्या घ्या. बंड्या कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला ट्रक चालवतो. कंपनीत समजा 100 ड्रायव्हर, दर तीन महिन्यांनी ड्रॉ. 50 टक्के गाठायचे तर प्रत्येक ड्रॉमध्ये साडेबारा टक्के. एका ड्रॉमध्ये बंड्या सुटण्याची शक्यता 0.875. चारही ड्रॉमध्ये सुटण्याची 0.875 चा चौथा घात, साधारण 0.59. म्हणजे वर्षाअखेरीला शंभरातल्या 59 जणांचं नाव एकदाही निघालेलं नसेल, आणि सातआठ जणांचं दोनदा किंवा जास्त वेळा निघालेलं असेल. बंड्या त्या सातआठांत असेल तर तो काय म्हणेल? ‘मीच का पुन्हा? त्या शेजारच्याला तीन वर्षांत एकदाही बोलावलं नाही!’ आणि शेजारचा तीन वर्षं सुटणं यात काहीच विशेष नाही, याच गणिताने शंभरात वीसेक जण तसे सुटतात.

हे बंड्याला समजावणं अवघड आहे, कारण माणसाच्या डोक्यात ‘रँडम’ म्हणजे ‘आळीपाळीने’. आपल्याला आळीपाळी न्याय्य वाटते. पण आळीपाळी असेल तर ज्याचा नंबर होऊन गेला तो वर्षभर मोकळा. टेस्टचा सगळा धाक पुढची तारीख माहीत नसण्यात आहे.

आणि बंड्यापेक्षा कठीण असतो त्याचा साहेब. त्याला दोन्हीकडून टोचतं. माल भरलेला आहे, गाडी नेव्हाडाला निघायचीय, आणि यादीत नेमका त्याच ड्रायव्हरचा नंबर. आमच्याकडे एका ग्राहकाने मागणी केली होती: यादी पुन्हा काढायचं बटण द्या. कारण अगदी साधं, ‘हा माझा सगळ्यात भरवशाचा माणूस आहे, याला कशाला त्रास?’ ऐकायला वाजवी वाटतं की नाही? पण ते बटण दिलं की झालं. मग यादी मशीन काढत नाही, साहेब काढतो. आवडता माणूस सुटतो, नावडता दर तिमाहीला निघतो, आणि कागदावर सगळं ‘रँडम’. आम्ही बटण दिलं नाही. ड्रायव्हर सुट्टीवर असेल, आजारी असेल, तर कारण लिहायची जागा दिली, आणि तो त्याच तिमाहीत परत आला तर त्याची टेस्ट तेव्हा. ग्राहक नाराज झाला. झाला तर झाला. तिथल्या नियमात रँडम नंबर जनरेटरचं नाव घेऊन उल्लेख आहे, ऑडिटर येतो तेव्हा निवड कशी झाली ते विचारतो. माझ्या मते या सगळ्या कायद्यातली सगळ्यात प्रामाणिक ओळ ती आहे, कारण ती ड्रायव्हरवर जितका अविश्वास दाखवते तितकाच साहेबावर.

मग ज्याचा एकच ट्रक आहे आणि तो स्वतःच चालवतो, त्याचं काय? पंजाबी मंडळींमध्ये असे स्वतःच्या ट्रकवाले कॅलिफोर्नियात पुष्कळ आहेत. एका माणसाच्या यादीतून रँडम काय काढणार? म्हणून त्याला सक्तीने इतरांच्या यादीत नाव घालावं लागतं. अशा यादी चालवणाऱ्या संस्थांना कन्सोर्टियम म्हणतात. हजारो एकट्यांची एक मोठी यादी, आणि त्यातून ड्रॉ. मालक म्हणून तो स्वतःला बोलावू शकत नाही, म्हणून दुसरं कुणीतरी त्याला बोलावतं.

बरं, बोलावल्यावर काय होतं? दारूची टेस्ट फुंकून. 0.02 च्या खाली असेल तर जा. 0.02 किंवा वर आलं तर निदान पंधरा मिनिटं थांबवून पुन्हा, म्हणजे तोंडात राहिलेल्या माउथवॉशचा दोष लागू नये. दुसऱ्या टेस्टला 0.04 किंवा जास्त आलं की नापास. मधल्या पट्ट्यात आलं तर नापास नाही, पण 24 तास गाडीला हात नाही. शिवाय ड्यूटीच्या आधी चार तास पिणं बंदच.

ड्रग्सची टेस्ट लघवीवर. 2023 मध्ये लाळेची पद्धतही नियमात घेतली, पण मी सांगतोय ती जुनी, लघवीची. कमोडच्या पाण्यात निळा रंग टाकलेला असतो, म्हणजे त्यातलं पाणी घालून नमुना पातळ करता येऊ नये. चार मिनिटांच्या आत नमुन्याचं तापमान बघतात, 32 ते 38 सेल्सियस हवं, नाहीतर बाहेरून आणलेला असण्याचा संशय. किमान 45 मिलिलिटर, ते बंड्याच्या डोळ्यांदेखत दोन बाटल्यांत, 30 आणि 15, वर सील, सीलवर त्याची आद्याक्षरं. लघवी होतच नसेल तर तीन तासांपर्यंत थांबवतात आणि त्या वेळात सव्वा लिटरच्या आसपास पाणी प्यायला देतात. त्यानंतरही नाही झाली आणि वैद्यकीय कारणही नाही निघालं, तर ‘नकार’. उठून निघून गेला, नकार. नमुन्यात भेसळ, नकार. आणि नकार म्हणजे नापासच.

दुसरी बाटली कशाला? बंड्यासाठी. पहिलीचा निकाल पॉझिटिव्ह आला आणि त्याला पटला नाही, तर 72 तासांत तो म्हणू शकतो की दुसरी बाटली दुसऱ्या लॅबमध्ये तपासा. मला हे फार आवडतं. यंत्रणा स्वतःवरही अविश्वास दाखवते.

लॅबचा निकाल थेट साहेबाकडे जात नाही. मध्ये एक डॉक्टर असतो, एमआरओ. तो बंड्याला फोन करतो, विचारतो, काही औषध चालू आहे का? शोधतात पाच गट: गांजा, कोकेन, अँफेटामिन, अफूच्या जातीतली औषधं आणि पीसीपी. 2018 पासून अफूच्या गटात ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोनसारख्या डॉक्टरने लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्याही आल्या. खरी चिठ्ठी असेल आणि डॉक्टरला पटलं, तर साहेबाकडे ‘निगेटिव्ह’ जातं. मात्र त्या औषधाने गाडी चालवणं धोक्याचं वाटलं तर डॉक्टर तेही कळवू शकतो.

गांजाला ही सवलत नाही. कॅलिफोर्नियात दुकानात मिळतो, बरं का, कायदेशीर. पण ट्रकचा नियम केंद्राचा, आणि केंद्राच्या टेस्टला राज्याची परवानगी चालत नाही. डॉक्टरने लिहून दिलाय, चालत नाही. सीबीडी तेल लावलं होतं, चालत नाही. आणि आपल्या मंडळींसाठी खास, महाशिवरात्रीची भांग किंवा होळीची थंडाई म्हणजे तीच वनस्पती. देवाचा प्रसाद होता हे एमआरओला सांगून उपयोग नाही.

आता इथे मला पटत नाही ते सांगतो. फुंकायची टेस्ट आत्ताची नशा सांगते. लघवीतली गांजाची टेस्ट आत्ताची नशा सांगत नाही, ती शरीरात उरलेला अंश मोजते, आणि रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो काही आठवडेही सापडू शकतो. म्हणजे शनिवारी घरी ओढलेला आणि सोमवारी गाडीवर ओढलेला, दोघे एकाच रांगेत. समर्थक म्हणतात की 36 टन घेऊन हायवेवर जाणाऱ्याबाबत धोका का घ्यायचा. मलाही त्या ट्रकच्या शेजारून कार चालवायची असती तर मीही तेच म्हटलं असतं. पण म्हणून ती टेस्ट ‘हा नशेत होता’ हे सिद्ध करते असं नाही, आणि ज्यांची नावं नापासांच्या यादीत आहेत त्यांत सगळ्यात जास्त गांजाचेच आहेत.

ही यादी म्हणजे क्लिअरिंगहाऊस. 6 जानेवारी 2020 ला सुरू झालं. त्याआधी काय व्हायचं? बंड्या टेक्साससाठी चालवताना नापास झाला, काढून टाकला. पुढच्या महिन्यात ओरेगॉनमध्ये अर्ज केला आणि मागच्या नोकऱ्यांच्या यादीत टेक्सासचं नावच लिहिलं नाही. नवा मालक जुन्या मालकांना फोन करायचा, पण ज्याचं नावच माहीत नाही त्याला कसा करणार? आता एकच डेटाबेस. नोकरीला घेताना मालकाने पूर्ण चौकशी करायची, आणि कामावर असलेल्यांची वर्षातून एकदा निदान प्राथमिक तरी. एका चौकशीला सव्वा डॉलर. आणि 18 नोव्हेंबर 2024 पासून यात नाव लागलं की राज्याला तुमच्या लायसन्सचा कमर्शियल भागच काढून घ्यावा लागतो. म्हणजे कार चालवा, ट्रक नाही.

परत यायचा रस्ता आहे, आणि इथे तो सॅप येतो. सॅप म्हणजे व्यसनाच्या प्रश्नावरचा पात्रताधारक तज्ज्ञ. तो बंड्याला तपासतो, शिक्षण किंवा उपचार सांगतो, ते झाल्यावर पुन्हा तपासतो. मग कामावर परतायची टेस्ट, ती कुणाच्या तरी नजरेसमोर. ती पास झाला की गाडी. त्यानंतर पहिल्या बारा महिन्यांत किमान सहा अचानक टेस्ट, सॅपने सांगितलं तर पाच वर्षांपर्यंत.

अडचण कुठे आहे बघा. सॅपच्या खर्चाची मालकावर सक्ती नाही, फक्त सॅपची यादी हातात द्यायची. मालकाने नोकरीवर ठेवलंच पाहिजे असंही नाही. आणि कामावर परतायची टेस्ट मालकाने पाठवावी लागते. बंड्याला तर काढून टाकलंय. म्हणजे गाडी चालवायला टेस्ट हवी, टेस्टला मालक हवा, आणि ज्याच्या नावापुढे ‘प्रतिबंधित’ लिहिलंय त्याला मालक कुठून मिळणार? ज्याचा स्वतःचा ट्रक आहे तो कन्सोर्टियममार्फत ही टेस्ट करून घेऊ शकतो. नोकरदाराला आधी कुणीतरी धाडसी मालक शोधावा लागतो. यादीतल्या खूप जणांनी हा रस्ता चालायला सुरुवातसुद्धा केलेली नाही, आणि ती नोंद निदान पाच वर्षं तरी पुसली जात नाही. बेफिकीर माणसाला हा धडा आहे असं कुणी म्हणेल. पण उपचार पूर्ण करून दारात उभा असलेला माणूस आणि काहीच न केलेला माणूस, यांना नोकरी देणारा वेगळं बघायला तयार नसेल, तर पहिल्याने उपचार घ्यायचे तरी कशाला?

आमच्या स्क्रीनवर म्हणून आम्ही एक छोटा बदल केला. ‘प्रतिबंधित’ या लाल खुणेखाली आता सॅपची तपासणी झाली का, परतायच्या टेस्टसाठी पात्र झाला का, हे टप्पे दिसतात. क्लिअरिंगहाऊसमध्ये ती माहिती असतेच, मालक ती उघडून बघत नाही एवढंच. त्याने किती जणांना नोकरी मिळाली हे मी सांगू शकत नाही, आणि हे काही मोठं क्रांतिकारी वगैरे नाही, दोन दिवसांचं काम होतं.

आणि तुमचं कुणी तिकडे ट्रक चालवत असेल, मामाचा मुलगा, गावचा मित्र, तर त्याला एक सांगा. क्लिअरिंगहाऊसमध्ये ड्रायव्हरला स्वतःचं खातं फुकट उघडता येतं आणि स्वतःची नोंद बघता येते. नवीन नोकरीचा अर्ज करायच्या आधी एकदा बघून घे म्हणावं. नोंदीत काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर ते दुरुस्त करायला अर्ज करता येतो, पण त्यासाठी ते आधी दिसायला हवं.

चला, माझा स्टँडअप लागलाय. पुढच्या आठवड्यात भेटू.